शून्यासकट

६ फेब्रुवारी

आत्या,

तुला फोन केला की तू "कोण? कोण?" करतेस, मग मी ओरडून सांगते आणि क्लबच्या हॉस्टेलचा अख्खा मजला आपल्या घरच्या गोष्टी ऐकतो. म्हणून पत्र. आज सांगायचंय ते तर ओरडण्यासारखंच आहे, तेव्हा फोन मुळीच नको.

आमच्या बास्केटबॉल टीमला नवे सर आल्याचं मागे कळवलं होतं. त्यांच्याबरोबर एक आकडेवालाही आलाय. मांडीवर लॅपटॉप घेऊन बाकाच्या टोकाला बसतो आणि आम्ही घामेजून जवळ आलो की नाक मुरडतो. काल दोघांनी मीटिंग घेतली. भिंतीवर सगळ्यांची नावं, नावापुढे आकडे. चांगली नावं हिरवी, वाईट लाल. लाल नाव एकच होतं, आणि ते कुणाचं हे तुला सांगायला नकोच.

"रिबाउंड, मॅचला सरासरी चार," आकडेवाल्यानं वाचलं. "एवढ्या उंचीच्या खेळाडूला..." पुढचं त्यानं गिळलं. माणूस सभ्य आहे, अर्धाच अपमान करतो.

सरांनी उरलेला केला. म्हणाले, "समोरच्यांचा शॉट हुकला की तो बॉल आपल्याला मिळाला पाहिजे. त्यांनाच परत मिळाला तर त्यांना आणखी एक संधी. निम्म्या मॅच आपण इथंच हरतोय. आणि तू रिंगखाली उभी असून बॉल घेत नाहीस."

मी म्हटलं, "सर, मी त्यांच्या सगळ्यात उंच बाईला पाठ लावून अडवते. ती रिंगपाशी येऊच शकत नाही. मग बॉल आपल्यातल्या कुणालातरी मिळतो."

"मला तुझी पाठच दिसते, बॉल दिसत नाही. पाठ दाखवायला आपण मैदानात उतरत नाही."

सगळ्या हसल्या. चिमणी तेवढी हसली नाही. चिमणी म्हणजे आमची सगळ्यात बुटकी खेळाडू, माझ्या दंडाला लागते. मी अडवून धरते तेव्हा माझ्या पुढ्यात पडलेला बॉल बहुतेक वेळा तीच उचलते. तिचं नाव गडद हिरवं होतं.

तर ठरलं असं: उरलेल्या सहा मॅचमध्ये मॅचला सरासरी आठ रिबाउंड, नाहीतर पुढच्या वर्षीच्या यादीतून मी बाहेर. कागदावर लिहून माझी सहीसुद्धा घेतली. मी तेहतीस वर्षांची आहे. इथून निघाले तर दुसरी टीम मला कशाला घेईल? आणि आमची टीम तरी कुठं मोठी लागून गेलीय, बारात दहावी. शेवटच्या दोन टीम खालच्या लीगमध्ये जातात.

तू सत्तावीस वर्षं स्कोअरच्या टेबलावर बसलीस. या लोकांना तुझं नाव माहीत आहे. सरांना एक पत्र लिही. सांग त्यांना की पाठ दाखवणं वेगळं आणि पाठ लावणं वेगळं. मी जायची नाही इथून, पण मला कुणीतरी बाजूचं हवंय.

तुझी,
लाल नावाची भाची


११ फेब्रुवारी

शिडे,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत, त्यामुळे वाचायला दोन कप चहा लागला.

तुझ्या सरांना मी पत्रबित्र लिहिणार नाही. टेबलावरच्या माणसाला हात असतो, तोंड नसतं. सत्तावीस वर्षं कोच माझ्यासमोर येऊन नाचले, पाण्याच्या बाटल्या आपटल्या, एकानं तर खुर्ची उचलली. मी मान वर केली नाही. आता म्हातारपणी भाचीसाठी वकिली करू म्हणतेस?

नियम सांगते, ऐक. बॉल ज्याच्या हातात स्थिरावला, रिबाउंड त्याचा. मागे कोण अडवत होतं, कुणाची पाठ, कुणाचं पोट, याला त्या कागदावर रकाना नाही. नसलेल्या रकान्यात मी आजवर काही लिहिलं नाही. तुझे सर आठ म्हणतात ना, मग आठ आण. तुझ्या हातांना काय धाड भरलीय?

आता टेबलावरून दिसलेलं सांगते, ते फुकट घे. कोपऱ्यातून मारलेला शॉट हुकला की बहुतेक वेळा पलीकडच्या कोपऱ्याकडे उडतो. लांबून मारलेला लांब उसळतो. तू शॉट सुटल्याबरोबर समोरच्या बाईला शोधत बसतेस. तिला सोड. बॉल कुठं पडणार ते बघ आणि तिथं आधी जा. दुसरीच्या हाताशी असला तरी घे. उंची दिलीय ती पंखे पुसायला नाही.

लोकांसाठी राबून कुणी नाव घेत नाही, हे या घराला नवीन नाही. तुझा बाबासुद्धा असाच होता. असो.

गुडघ्याला शेक दे. आणि "मी जायची नाही" वगैरे मला लिहू नकोस, आकडा आणून दाखव.

तुझी,
बहिरी आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

आणला आकडा. पहिल्या मॅचला अकरा, दुसऱ्या मॅचला बारा. माझं नाव हिरवं झालं. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तीच पाठ जी त्यांना दिसत नको होती. आकडेवाला पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलला.

दोन्ही मॅच हरलो.

तू सांगितलंस तसंच केलं. समोरच्या बाईला सोडलं आणि बॉलच्या मागे धावले. कोपऱ्यातले शॉट खरंच पलीकडे पडतात, तुझं निरीक्षण पक्कं आहे. पण मी तिकडे गेले की माझी बाई मोकळी सुटायची. बॉल माझ्याकडे आला तर माझा, नाही आला तर तिचा, आणि ती रिंगखाली एकटी. दुसऱ्या मॅचमध्ये चौदा वेळा त्यांचाच हुकलेला बॉल त्यांनाच परत मिळाला. चौदा वेळा! आम्ही पाचांनी जीव तोडून बचाव करायचा, त्यांचा शॉट हुकवायचा आणि मग बचाव पुन्हा पहिल्यापासून करायचा. शेवटी आमच्या पोरींच्या पायात गोळे आले होते.

आणि ऐक. त्या बारातला एक बॉल चिमणीच्या दोन्ही हातात होता. मी वरून ओढून घेतला. तिच्या मनगटावर माझं नख लागून रेघ उठली. बसमध्ये ती नेहमी माझ्या शेजारी बसते, त्या दिवशी ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. मला स्वतःचीच किळस आली.

आता आम्ही अकरावे आहोत. सर म्हणतात, "तू तुझं काम केलंस, बाकीच्या कमी पडल्या." आत्या, बाकीच्या कमी पडल्या नाहीत. मी तिथं नव्हते. मला आकडा मिळाला आणि टीमची मॅच गेली. हे तुझ्या कुठल्या नियमात बसतं ते सांग.

आणि बाबाचं काय? "असो" म्हणून सोडू नकोस. त्याची तब्येत ढासळली म्हणून त्यानं खेळ सोडला, असंच मला माहीत आहे.

भाची


२ मार्च

शिडे,

नियमात हरणं-जिंकणं बसत नाही. कोणी काय केलं एवढंच बसतं. आकडा खोटं बोलत नाही. तू अकरा घेतलेस, मग अकरा. दोन मॅचवरून जगाचा निकाल लावू नकोस. चार बाकी आहेत, त्यात आठ-आठ घे आणि यादीत राहा. टीम खाली गेली तर तुझ्या एकटीमुळे जाणार नाही.

चिमणीची माफी माग, ते मात्र आधी कर.

बाबाचं पुन्हा केव्हातरी. गुडघ्याचे नवे पट्टे पाठवलेत, जुने फेकून दे, वास येत असेल.

आत्या


५ मार्च

आत्या,

पट्टे मिळाले. चिमणीची माफी मागितली. ती म्हणाली, "बॉल घे गं, पण मग त्या धिप्पाड बायका माझ्या अंगावर येतात. तू असलीस की येत नाहीत."

तिनं एका वाक्यात सांगितलं ते तुला सत्तावीस वर्षांत दिसलं नाही. तू आणि तो आकडेवाला एका माळेचे मणी. फरक एवढाच की त्याच्याकडे लॅपटॉप आहे.

मी उद्यापासून परत पाठ लावणार. मला लाल करायचं तर करू देत. तुझं पत्र आलं नाही तरी चालेल.


१८ मार्च

शिडे,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मागितलंसही नाहीस. तरी लिहिते आहे, कारण मी तुझ्यापेक्षा जास्त हट्टी आहे आणि वयानं मोठी आहे.

तुझं शेवटचं पत्र मी फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. मग समोरच्या शिंपीणबाईंकडे गेले, कारण त्यांचा टीव्ही मोठा आहे आणि त्यावर जुन्या मॅच परत लावता येतात. तुमच्या पाच मॅच बघितल्या. हिरव्या नावाच्या दोन आणि त्याआधीच्या, लाल नावाच्या, तीन. शिंपीणबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नाही. एका हातात ब्लाउज, दुसऱ्या हातात रिमोट. दहा मिनिटांनी मला म्हणाल्या, "अहो, तुमची भाची बॉलकडे बघतच नाही की. सगळ्या वर बघतायत, ही आपली त्या बाईकडे बघतेय." ज्या बाईला रिबाउंड म्हणजे काय ते माहीत नाही, तिला ते दिसलं. मी जन्मभर बॉल कुणाच्या हातात गेला तेवढंच बघितलं, म्हणून मला दिसलं नाही.

मग मी वही घेतली. शिंपीणबाईंनी दर हुकलेल्या शॉटला चित्र थांबवलं. हिरव्या दोन मॅचमध्ये समोरच्यांचे सहासष्ट शॉट हुकले, त्यातले सत्तावीस परत त्यांच्याच हातात गेले. लाल तीन मॅचमध्ये सत्त्याण्णव हुकले आणि परत गेले फक्त एकवीस. मी तीनदा मोजलं. शिंपीणबाईंचं एक गिऱ्हाईक चिडून परत गेलं.

तू बरोबर होतीस. मी चुकले. हे वाक्य जपून ठेव, दुसऱ्यांदा मिळणार नाही.

आता बाबाचं. हे लिहायला मला जड जातंय, पण तू मागितलंस आणि तुझा हक्क आहे.

तू चार वर्षांची होतीस. तुझ्या बाबाच्या टीमची सीझनमधली शेवटची मॅच होती. टेबलवाला आजारी पडला म्हणून ऐन वेळी मला बसवलं. भावाच्या मॅचला बहीण टेबलावर, लोक कुजबुजायला लागले. समोरच्या टीमच्या मॅनेजरनं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "आता बघा, भाऊरायाचे आकडे कसे फुगतात." तेव्हा मला ऐकू यायचं.

तुझा बाबा तुझ्यासारखाच खेळायचा. दोन बॉल त्यानं हातात घेतले. आणखी दोन बॉल असे होते की त्याचे आणि दुसऱ्याचे, दोघांचे हात एकदम लागले. परका कुणी असता तर मी ते त्याला दिले असते. भाऊ होता म्हणून दिले नाहीत. मी कशी निष्पक्ष आहे हे त्या मॅनेजरला दाखवायचं होतं. मी लिहिले दोन.

त्याला त्या मॅचला चार हवे होते. त्याच्याही कागदावर सही घेतली होती. मला माहीत नव्हतं, त्यानं मला सांगितलंच नव्हतं. मॅच ते जिंकले आणि आठवड्यानं त्याला काढलं. माझ्या अक्षरातला कागद समोर ठेवून काढलं. तब्येत-बिब्येत काही नव्हतं. ती गोष्ट आम्ही दोघांनी मिळून तुझ्या आईसाठी रचली.

मी त्याला विचारलं, "राग आला का रे?" तो म्हणाला, "ताई, तू बरोबरच लिहिलं असशील." तो गेला तोवर मी त्याला खरं सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांना ठणकावून सांगते की आकडा खोटं बोलत नाही. पण तो माझ्याच हातून खोटं बोललाय.

तेव्हा आता आठ आणू नकोस. तुला वाटतं तेच कर. सोबत मोजणीचा कागद आहे, सरांना दे किंवा देऊ नकोस.

आत्या


३० मार्च

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. बाबाबद्दल काय लिहू ते कळत नाही. मला वाईट वाटलं, आणि खूप रागही आला, पण तो तुझ्यावर कमी आणि त्या मॅनेजरवर जास्त. बाबानं तुला कधी दोष दिला नाही, मग मी देणारी कोण? भेटू तेव्हा बोलू. मी ओरडून बोलीन, तू ऐक.

आता इकडचं. तुझा कागद मी आकडेवाल्याला दिला. त्यानं नीट वाचला, बेरीजही तपासली. म्हणाला, "बरोबर आहे, पण हे कशात भरू? याला रकाना नाही." ओळखीचं वाक्य वाटलं. मी म्हटलं, "मग भरू नकोस, लक्षात ठेव."

मधल्या तीन मॅच मी पाठ लावूनच खेळले. माझे दोन, तीन आणि एक. त्यातल्या दोन जिंकलो. सरांनी मला बाकावर बसवायचं म्हटलं होतं, पण आमची दुसरी उंच मुलगी घोटा मुरगळून बसलीय, म्हणून नाइलाज. परवा शेवटची मॅच होती, जिंकलो तर दहावे, हरलो तर खाली.

समोर तिसऱ्या नंबरची टीम आणि त्यांची ती सगळ्यात उंच बाई, आम्ही तिला मनोरा म्हणतो. माझ्याहून चार बोटं उंच आहे. मॅचला अकरा रिबाउंड घेते, लीगमध्ये सगळ्यात जास्त. मॅचच्या आधी सर माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "तुझी सरासरी सहाच्याही खाली आहे. आज एकोणीस घेतलेस तर आठ होतात. जमव काहीतरी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी मान्य करते. पण मी म्हटलं, "सर, आज मी एकही घेणार नाही. आज तिलाही घेऊ देणार नाही."

चाळीस मिनिटं मी त्या बाईला पाठीवर घेतलं. त्याला दुसरा शब्दच नाही. शॉट सुटला की मी वळायची, तिला पाठीनं शोधायची, गुडघे वाकवून बसायची. ती डावीकडे गेली की मी डावीकडे. तिचं कोपर माझ्या बरगडीत, तिची हनुवटी माझ्या डोक्यावर. एकदा ती दात ओठ खात म्हणाली, "हल ना!" मी म्हटलं, "तू हलव." समोर चिमणी इकडून तिकडे पळत बॉल वेचत होती. आणि दर वेळी उचलला की ओरडायची, "मिळाला!"

शेवटचं अर्धं मिनिट, आम्ही एका गुणानं पुढे. त्यांचा शॉट हुकला आणि बॉल सरळ माझ्या डोक्यावर आला. हात वर केला असता तर माझा होता. अख्ख्या मॅचमधला तो एक बॉल मी घेतला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण हात वर करायचा म्हणजे पाठ सरळ करायची, आणि मनोरा त्याचीच वाट बघत होती, मला तिचा श्वास कळत होता. मी हात खाली ठेवले. बॉलचा माझ्या पुढ्यात जमिनीवर टप्पा पडला. चिमणीनं झडप घातली आणि पळत सुटली. तिच्यावर फाउल झाला, त्याचे मिळालेले दोन्ही मोकळे शॉट तिनं रिंगमध्ये टाकले. तीन गुणांनी जिंकलो. आम्ही वरच्या लीगमध्येच आहोत.

चिमणीचे नऊ रिबाउंड. मनोराचे दोन. माझं शून्य.

आज सकाळी सरांनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, "तुला ठेवायचं माझ्या मनात आहे. पण तो कागद वर गेलेला आहे, आठ म्हणजे आठ. एक करता येईल. इथल्या आपल्या मैदानावरच्या मॅच, त्यांचे कागद अजून पक्के झालेले नाहीत. टेबलावरची माणसं आपली आहेत. चिमणीचे थोडे तुझ्या नावावर चढवू. चिमणीला मी विचारलंय, तिची हरकत नाही."

आत्या, एक क्षण मला मोह झाला. खोटं कशाला बोलू? यादीत नाव, तीच खोली, तेच मैदान. मग मी म्हटलं, "सर, मला ठेवायचं तर माझ्या शून्यासकट ठेवा. परवा तुम्ही शून्यानं वाचलात, आणि ते खोडून त्या जागी नऊ लिहिलेत तर मी परवा काय केलं ते कुणाला कधी कळणारच नाही. पुढच्या वर्षी कुणी दुसरी पाठ लावेल, तिलाही तुम्ही लाल कराल."

"मग माझे हात बांधलेले आहेत," सर म्हणाले.

"माझे मोकळे आहेत," मी म्हटलं, आणि उठले. चहा तसाच ठेवला. दुपारी यादी लागली. माझं नाव नाही. चिमणी रडली, मी रडले नाही. आता हे लिहिताना थोडी रडतेय, पण ते तुला कशाला सांगू.

भाची


४ एप्रिल

शिडे,

पत्र वाचून मी शिंपीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. बहुधा फारच मोठ्यानं, कारण खालचे लोक जिना चढून वर आले.

मला तुझा अभिमान वाटतो. मी एकदा लोक काय म्हणतील म्हणून आकडा खाली ओढला. तू स्वतःच्या पोटावर पाय येत असतानाही आकडा वर ढकलू दिला नाहीस. आपल्या घरात हे काम शेवटी कुणीतरी नीट केलं.

आणि मी गप्प बसलेली नाही. कागद पक्के होण्याआधी बदलायची भाषा जिथं होते, तिथल्या टेबलावर बाहेरची माणसं बसवा, असं मी लीगला लिहिलंय. पूर्ण नाव, सही आणि किती वर्षं बसले ते, सगळं टाकून. तुझं नाव घातलं नाही, पण ओळखतील. ओळखू देत. टेबलाला तोंड नसतं म्हणाले होते, ते आता आलंय.

तुला वाटेल मी नोकरी शोध, घरी ये, असं लिहीन. घरी ये, पण पायातले बूट काढू नकोस.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

बूट पायातच होते. रोज सकाळी सार्वजनिक मैदानावर एकटी जात होते आणि भिंतीला पाठ लावून बैठका मारत होते. लोकांना वाटलं असेल बाई भिंत पडू नये म्हणून धरून बसलीय.

परवा फोन आला. त्या तिसऱ्या नंबरच्या टीमच्या कोचबाई. "येऊन भेट," एवढंच. मी गेले. लहानशी खोली, टेबलावर दोन कागद आणि कोपऱ्यात, गुडघ्याला बर्फ बांधून, मनोरा बसलेली. माझ्याकडे बघून हसली नाही.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "आधीच बोलते. माझी सरासरी पाचाच्या खाली आहे. तुमच्याविरुद्ध शून्य. ते शून्य बदलायचं वगैरे काही असेल तर मी निघते."

कोचबाईंनी एक कागद माझ्याकडे सरकवला. तो त्या मॅचचा होता. "तुझ्या नावापुढे मी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी हिच्या नावापुढे बघितलं. ही मॅचला अकरा घेते. त्या दिवशी दोन. नऊ कुठं गेले ते मला कुणी सांगायला नको, मी समोरच बसले होते."

मग मनोरा बोलली. बोलली म्हणजे कुरकुरली. "आठ दिवस माझी कंबर धरली होती. मी यांना सांगितलं, त्या बाईला आणा, नाहीतर पुढच्या वर्षी तिच्याविरुद्ध मी खेळणार नाही."

मी करार दोनदा वाचला. त्यात आकडा कुठंच नाही. सही केली आणि मग खुर्चीवर बसले.

लीगचं वेळापत्रक लागलंय. पहिली मॅच सरांच्या टीमशी, त्यांच्या मैदानावर. टेबलावर बाहेरची माणसं असतील असं त्यात छापलंय. तू येच. चिमणीला मी कालच कळवलं, आता बॉल हवा असेल तर तिच्या बाजूच्या बायकांना आधी माझ्या पाठीवरून यावं लागेल. तिचं उलट उत्तर आलं, "येतो आम्ही."

तुझी,
शिडी